पिवळ्या विमानाची मागची जागा

३ फेब्रुवारी

चि. नातोबा,

आधी आशीर्वाद घे, रागावते नंतर.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण माझी लेखणी बदलली. इतकी वर्षं माझी पत्रं शेजारची शिवणकामवाली लिहायची. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, माझ्या बोलण्याला टाके कुठून घालणार? मग नवी लेखणी मिळाली. तरुण आहे, ताठ बसते, आणि मी बोलते ते सगळं उतरवते, खोकला तेवढा सोडून. माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं, तेही तिनेच ताळ्यावर आणलं. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणतात. ही तर कानासाठीच आली. तिखट आहे का गोड ते हळूहळू कळेल.

फोन का घेत नाहीस म्हणून विचारतोस. फोनवर मी बोलायला लागले की तुझं ‘हं’ ऐकू येतं. पहिलं ‘हं’ आणि शेवटचं ‘हं’ यांत काडीचा फरक नसतो. पत्रात ‘हं’ लिहून भागत नाही, म्हणून मला पत्र बरं.

जुन्या काळचं लष्करी विमान तपासायला आलंय, असं तू लिहिलंस. शिवणकामवालीला सांगितलं तर म्हणाली, दारात मावलं का? म्हटलं, अगं ते टेबलावरच्या पडद्यात उडतं, आणि आमचा नातू खुर्चीत बसून उडवतो. म्हणाली, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी म्हटलं, उंट निदान हलतो तरी.

खोट्या विमानात खरं काय तपासतात ते मला नीट सांग. आणि माझ्या नातसुनेची खुशाली लिही, बरेच दिवस तिचा निरोप नाही. हे वाक्य सांगितलं तेव्हा लेखणी अडली. शाई संपली म्हणते. मला तर शाई भरपूर दिसतेय.

खाली माझा अंगठा.

आजी

११ फेब्रुवारी

प्रिय आजी,

लांबूनच तुझ्या पायांना हात लावतो.

आधी तुझ्या नव्या लेखणीला शाबासकी. काय सुरेख अक्षर आहे. उभं, मोकळं, दोन ओळींमधून वारा खेळावा असं. कोण आहे ही? माझे आभार सांग तिला.

आता काम. सिम्युलेटर म्हणजे उड्डाणाचा खेळ, पण खेळणाऱ्यांपुढे खेळ म्हणायची सोय नाही. त्यात आकाश, डोंगर, नद्या, वारा सगळं आधीपासून असतं. विमानं मात्र बाहेरचे कारागीरही बनवतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात, वरून जोडायची विमानं. असं विमान लोकांच्या हातात पडण्याआधी माझ्याकडे येतं. मी ते काही आठवडे उडवतो, खऱ्या विमानाच्या जुन्या पुस्तिकेशी ताडून बघतो आणि सांगतो, पास की परत.

हे विमान लष्करात नव्या पोरांना उडायला शिकवायचं. रंग पिवळा. चालू करताना म्हाताऱ्यासारखं खोकतं, निळा धूर सोडतं, आणि मग एकदा लय धरली की गुणगुणत राहतं. पंखावरचा रंग उडालेला दाखवलाय, तोही पाय ठेवून आत चढतात नेमका तिथेच. लांबट काचेच्या झाकणाखाली एकामागे एक अशा दोन जागा. जमिनीवर असताना नाक वर आणि शेपूट खाली, त्यामुळे समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. धावपट्टीकडे नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. उतरतानाही तेच. ऐन वेळी पट्टी नाकाआड जाते आणि आपण अंदाजाने टेकतो.

दुपारी मी पडदे ओढतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि निघतो. मग खोली उरत नाही. ढगांच्या वर गेलं की खाली पांढरं पठार लागतं. त्यावर आपल्याच विमानाची इवलीशी सावली पळत असते आणि सावलीभोवती इंद्रधनुष्याचं एक कडं. मी वळलो की ती वळते. तासन्‌तास तिच्यामागे जावं असं वाटतं. ढग सरला की खाली शेतं आणि नदी, आणि सावली एकदम कुठेतरी विरून जाते.

तुझी नातसून मजेत आहे. कामात असते. तुला नमस्कार सांगते.

तुझा
नातोबा

१८ फेब्रुवारी

चि. नातोबा,

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. माझी लेखणी वाचतेही छान. ती सावलीची गोष्ट वाचताना तिचा आवाज इतका खाली आला की मला यंत्राचा काटा वाढवावा लागला. ‘तुला नमस्कार सांगते’ इथे मात्र तिला ठसका लागला. पाणी दिलं. दुसऱ्यांदा वाचताना पुन्हा तिथेच लागला. तुझ्या त्या ओळीत काहीतरी खवखवणारं आहे खास.

अक्षराची शाबासकी पोचवली. लाल झाली. कोण आहे म्हणून विचारतोस, तर घरातलीच समज.

आता मला एक सांग. इंजिन सांगितलंस, रंग सांगितलास, सावलीसुद्धा सांगितलीस. जागा दोन आहेत म्हणालास. मागे कोण बसतं?

मला मागच्या जागेचं कळतं, कारण माझा सगळा संसार मागच्या जागेवर झाला. तुझ्या आजोबांची सायकल, आणि तिच्या कॅरियरवर मी. पुढे त्यांची पाठ. खड्डा त्यांना आधी दिसायचा आणि मला बसल्यावर कळायचा. आजोबा बोलके. वाऱ्याशी बोलल्यासारखे बोलत सुटायचे, अर्धं वारा न्यायचा, अर्धं माझ्यापर्यंत पोचायचं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. दारात सायकल धरून उभे होते, मी पिशवी आणायला आत वळले. त्यांना वाटलं बसली. मारली टांग आणि निघाले. अख्खा रस्ता माझ्याशी बोलत गेले. बाजारात उतरून म्हणाले, ‘धर गं जरा.’ मागे बघतात तर कॅरियर रिकामा. मी घराच्या पायरीवर पिशवी घेऊन बसले होते. परत आले तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं.

त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी एक नेम पाळला. वळण आलं की विचारायचे, ‘आहेस का?’ मी म्हणायचे, ‘आहे.’ एवढंच. पण त्या माणसाबरोबर इतकी वर्षं निघाली ती त्या दोन शब्दांवर, असं मला आता दुपारी पडल्यापडल्या वाटतं.

लेखणी मघापासून लिहायची थांबून अंगणाकडे बघत बसलीय. काय दिसतंय कुणास ठाऊक. तिला हाक मारून हे लिहून घेतेय.

आजी, अंगठ्यासकट

२६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचलं आणि मोठ्याने हसलो. मग बराच वेळ हसलो नाही.

तू विचारलंस म्हणून मागच्या जागेवर बसून बघितलं. विमान आपलंआपण सरळ जाईल असं लावून दिलं आणि मागे गेलो. मागून समोरचं काहीच दिसत नाही. दिसतं ते एक डोकं, कातडी टोपीतलं, कारागिरांनी बसवलेलं. दोन्ही बाजूंना मात्र आकाश अफाट. मागेही उडवायचा दांडा असतो, पुढच्याशी जोडलेला. पुढे जे होईल ते मागे गुडघ्यांमध्ये हलतं. आपण काही केलेलं नसतं, तरी हलतं. मागच्याला पुढचा माणूस कळतो तो एवढाच.

आजी, मी तुला खोटं लिहिलं. ती इथे नाही. जानेवारी संपता संपता गेली. बहिणीकडे जाते म्हणाली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तुला माहीत आहे, ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते. काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज सोडते आणि ऐकू आला की बोट वर करायला सांगते. जाताना दारात मला म्हणाली, ‘दिवसभर लोकांचे कान तपासते. घरी येऊन परत तेच काम नको वाटतं.’ तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन होते. तिने हे दोनदा म्हटलं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. या विमानात दोघांना दोन वेगवेगळ्या घरांतून बसता येतं, पुढचा आपल्या पडद्यावर, मागचा आपल्या. ते तपासायला मी तिला मागे बसायला सांगितलं होतं. ती आतल्या खोलीत तिच्या लॅपटॉपवर बसली. मी मधली बोलण्याची कळ बंद ठेवली, मला इंजिन ऐकायचं होतं. उतरलो आणि अहवालात टाकलं, ‘मागची जागा: ठीक.’ ती तिथे किती वेळ बसली होती, तिला काय दिसलं, काही विचारलं नाही.

आता विमानाचंही बिनसलंय. गेले काही दिवस नदीच्या वळणावर ते आपणहून हळूच डावीकडे झुकतं. मी दांडा हलवलेला नसतो. कारागीर शपथेवर सांगतात, आमच्याकडे असं होत नाही. पडद्यावर येणाऱ्या सूचना, नावं, खुणा मी तपासणीत बंद ठेवतो, नाहीतर आकाश आकाश वाटत नाही. त्यामुळे कारण सापडत नाही. अहवालात मोठा दोष म्हणून लिहिलंय, ‘विमान आपोआप वळते.’ परत पाठवावं लागणार बहुतेक. इतकं गुणी विमान, वाईट वाटतं.

ती परत येईल का, हे कुणाला विचारायचं ते मला कळत नाही.

नातोबा

५ मार्च

चि. नातोबा,

सांगितलंस ते बरं केलंस. झाकली मूठ तुझी, पण बोटं कधीचीच बाहेर आली होती. लेखणीने तुझं पत्र एका दमात वाचलं, ठसका लागला नाही. फक्त ‘मागची जागा: ठीक’ इथे आली तेव्हा पत्र मांडीवर ठेवून चष्मा पुसला. मग म्हणाली, धूळ फार आहे. आदल्याच दिवशी अंगण झाडलं होतं.

मी तुला सल्ला देणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी घालण्यापेक्षा मी ते झाडांना घालते. त्याऐवजी माझं स्वप्न सांगते.

मला हल्ली दुपारी स्वप्नं पडतात. मी पिवळ्या विमानात मागे बसलेली असते. पुढे कातडी टोपीचं डोकं. मानेवर एक केस नाही, म्हणजे तू नव्हेस, तुझे तर कॉलरवर आलेले असतात. दोन्हीकडे निळंच निळं. मी कधी इतकी उंच गेले नाही, माळ्यावरही चढले नाही, पण भीती वाटत नाही. कापसातून सुई जावी तसे आपण जातो. खाली ढगांवर ती सावली पळते आणि तिच्याभोवती कडं, तू लिहिलंस अगदी तसंच. मी म्हणते, कुठं चाललं गं ते पाखरू? मग ढग सरतो आणि खाली नदी. नदीच्या वळणावर एक बेट आणि बेटावर एकच झाड. त्या झाडाखाली कुणी बसलंय का ते बघायचा मला फार मोह होतो. मी म्हणते, जरा त्या बाजूला घे. आणि विमान ऐकतं, झुकतं डावीकडे. पण झाडाजवळ पोचणार इतक्यात पुढचं डोकं विमान ओढून सरळ करतं, दरवेळी. तेवढ्यात मला जाग येते आणि शेजारी थंड झालेला चहा.

शिवणकामवाली म्हणते, या वयात असली स्वप्नं बरी नव्हेत. मी म्हटलं, या वयातच परवडतात.

ते विमान इतक्यात परत पाठवू नकोस. आधी एकदा वळणावर विचारून बघ. विमानाला नव्हे.

आजी

१४ मार्च

प्रिय आजी,

त्या बेटाबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. झाडाबद्दलही नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. पान तसंच ठेवून उठलो. माझ्या आजीला मी उडवलेलं आकाश जसंच्या तसं स्वप्नात दिसतं. आधी अंगावर काटा आला आणि मग, मूर्खासारखा, आनंद झाला. वाटलं, रक्ताच्या माणसांना असं दिसत असेल. तुझ्या स्वप्नावर माझा विश्वास बसला होता, आजी. तू हसत असशील आत्ता.

दुपारी निघालो. ढगांवर आलो, सावली भेटली. आज मी तिच्यामागे गेलो नाही. ढग सरला, नदी आली. वळणाच्या अलीकडे मी बोलण्याची कळ उघडली. पहिल्यांदाच. आणि माझ्या टेबलावरच्या दांड्यावरची पकड सोडली, नुसता हात ठेवला; विमानातला दांडा हलला की तोही हलतो. झाड दिसायला लागलं तसा माझ्या हाताखालचा दांडा हलला. हळू, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. विमान डावीकडे झुकलं. मी सरळ केलं नाही.

मी विचारलं, ‘आहेस का?’

इंजिन चालू होतं. बेट पंखाखाली आलं. झाडाखाली कुणी नव्हतं, गवत होतं आणि झाडाची सावली. मला वाटलं, मी खुळ्यासारखा रिकाम्या खोलीत बोलतोय.

मग कानात आलं, ‘आहे.’

आणि त्याच्या पाठोपाठ तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी, आणि तुझं हसू, आणि कुणीतरी ‘अहो आजी, हळू’ म्हटलेलं.

म्हणजे बहिणीकडे नव्हतीच. मागच्या जागेची परवानगी मी तिला दिली होती ती काढून घ्यायची राहिली होती, आणि ती तुझ्या घरातून येऊन बसत होती. आणि माझी पत्रं तीच वाचत होती. ‘मजेत आहे, कामात असते.’ देवा. आणि मी तिच्या अक्षराची तारीफ करत होतो. आजी, लग्नाला दोन वर्षं झाली, पण मी तिचं अक्षर कधी बघितलंच नव्हतं. आम्ही एकमेकांना सगळं फोनवर लिहितो. दूध संपलं, उशीर होईल, किल्ली शेजारी ठेवलीय. हाताने लिहिलेलं एक ओळीचंसुद्धा काही माझ्याकडे नाही. आता तुझी तीन पत्रं आहेत, ती मी पुन्हा वाचली. या वेळी शब्द तुझे होते आणि हात तिचा होता, हे बघत वाचली.

उतरताना पट्टी नेहमीप्रमाणे नाकाआड गेली. ती म्हणाली, डावीकडून कडा दिसतेय. मी उजवीकडची सांगितली. दोघांनाही समोरचं दिसत नव्हतं, पण दोघांचं मिळून पट्टी झाली आणि आम्ही टेकलो. कळ मी उघडीच ठेवली. पलीकडे तुझ्या अंगणातली पाखरं ऐकू येत होती.

अहवालातला तो दोष खोडला. तिथे लिहिलं, ‘विमान आपोआप वळत नाही. मागे माणूस होतं.’ विमान पास केलं. कारागिरांनी त्या वाक्याचा अर्थ विचारलाय, अजून उत्तर दिलेलं नाही.

पुढची ओळ तुझ्यासाठी नाही. ती कोण वाचणार आहे ते आता मला ठाऊक आहे. ये. बोलायला ये, भांडायला ये, कशालाही ये. मी स्टँडवर उभा राहीन, कान उघडे ठेवून.

नातोबा

२२ मार्च

चि. नातोबा,

या पत्राचं अक्षर बघून दचकू नकोस. शिवणकामवाली परत कामावर आली आहे. दोन चष्मे एकावर एक चढवून लिहितेय आणि मी सावकाश बोलावं म्हणून मधूनमधून मला डोळे दाखवतेय.

तुझं पत्र लेखणीने वाचून दाखवलं. कारागिरांपर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, पुढे? म्हणाली, पुढे काही नाही, सही आहे. मी मान डोलावली. माझा कान आता चांगला चालतो, तिनेच चालवलाय. न वाचलेली ओळ मला वाचलेल्या ओळीपेक्षा स्पष्ट ऐकू आली. ती भाजी आणायला गेली तेव्हा शिवणकामवालीकडून तेवढी ओळ वाचून घेतली. बरी आहे. आजोबांवर गेलास म्हणायला हरकत नाही, उशिरा का होईना.

आणि स्वप्नाचं. मी खोटं बोलले नाही. पहिल्या दिवशी तिने लॅपटॉप मांडीवर घेतला तो मला ते विमान दाखवायला. मी हट्ट धरला होता. आकाश उघडलं तर पुढे तूच उडवत होतास. मग रोज दुपारी आम्ही दोघी खाटेवर बसायचो. ती बघता बघता गप्प व्हायची, मी बघता बघता पेंगायचे. कुठवर पडदा आणि कुठून स्वप्न, ते मला खरंच सांगता येणार नाही. त्या झाडाखाली एकदा मला सायकल लावलेली दिसली होती. तुम्हाला दोघांना ती दिसली नाही, म्हणजे ती माझी असणार.

तुझ्यावर ती चिडली आहे अजून. पुसट झालं असेल अशा भ्रमात राहू नकोस. पण चिडून का होईना, रोज मागे येऊन बसत होती. मी एकदा विचारलं, कशाला बसतेस गं, तो तर मागे बघतही नाही? म्हणाली, ‘तो ओढून सरळ करतो ना, तेव्हा त्याचा हात कळतो.’

आज सकाळच्या बसने गेली. पिशवीत लॅपटॉप आणि माझ्या यंत्राच्या जुन्या बॅटऱ्या, टाकून देते म्हणाली. राहायला गेली की भांडायला, मी विचारलं नाही. हे पत्र पोचेल तोवर तुला कळलंच असेल. पत्र तिच्या हातात दे आणि मोठ्याने वाचायला सांग. तू मागे बस. तिची पाठ बघ, ताठ असते, वाचताना एक खांदा किंचित वर जातो. मध्ये ‘हं’ म्हणू नकोस.

ती गेल्यापासून यंत्राने पुन्हा शिट्टी धरलीय. असू दे. दुपारी खाटेवर पडलं की ती शिट्टी लांबून येणाऱ्या इंजिनासारखी वाटते. डोळे मिटले की ढग लागतात.

शिवणकामवाली म्हणते, दोरा संपत आला, गाठ मार. मारते. तुम्ही दोघं उडताना वळण येईल तिथे एकमेकांना विचाराच, पण अधूनमधून मलाही विचारत जा. टपालाला वेळ लागतो, म्हणून माझं उत्तर आधीच पाठवून ठेवते.

आहे.

आजी